खिशातला शिंपला आणि ‘तुम्ही तिथे होता का?’

पत्राचा गोषवारा:

‘मी मूळची अहमदनगरची. पणजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते. घरात रोज पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलं जायचं. लग्नानंतर अमेरिकेत आले. आता आम्ही ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो आणि मी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करते. आमच्या चर्चची मंडळी लहान आहे, पण परक्या गावात तिने आम्हाला घरच्यासारखं सांभाळलं. मी तिथे संडे स्कूल घेते. पुढच्या महिन्यात मंडळीत एका सेवाकार्याचे प्रमुख येणार आहेत. देवाने सहा दिवसांत, सहा हजार वर्षांपूर्वी सगळं निर्माण केलं आणि उत्क्रांती खोटी आहे, असं ते गावोगाव शिकवत फिरतात. शनिवारी मुलांचा वर्ग आहे. तो मी त्यांच्यासोबत घ्यावा आणि शुक्रवारी रात्री त्यांना जेवायला बोलवावं, असं पाळकसाहेब म्हणतात. या वर्गात मुलांना एक प्रश्न शिकवतात. कुणी लाखो वर्षांची गोष्ट काढली की विचारायचं, “तुम्ही तिथे होता का?” माझा अकरा वर्षांचा मुलगा घरामागच्या ओढ्यातून दगडातला शिंपला घेऊन आलाय, तो खिशात घालूनच हिंडतो. उद्या शाळेत बाईंना तो हाच प्रश्न विचारेल. रोज जिवाणूंची औषधांना दाद न देण्याची ताकद, म्हणजे रेझिस्टन्स बघणारी मी, हे कसं शिकवू? नवरा म्हणतो, एका वीकेंडचा प्रश्न आहे, गप्प बस. सासूबाई नगरहून फोनवर म्हणतात, वचनावर शंका नको. नाही म्हटलं तर प्रभूला नाही म्हटल्यासारखं वाटतं. हो म्हटलं तर सोमवारी लॅबमध्ये कोणत्या तोंडाने जाऊ?’

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात वाटलं, शनिवारचा वर्ग घ्यायचा की नाही एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्या वेळी ‘प्रभूला नाही म्हटल्यासारखं’ या शब्दांपाशी अडले. वर्ग घ्या असं तुम्हाला पाळकसाहेबांनी सांगितलंय. चांगल्या मनाने सांगितलंय, पण सांगणारे ते आहेत, आणि मागताहेत ते शनिवारची सकाळ. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत इतक्या गुंतल्यात की कामाला नकार म्हणजे श्रद्धेला नकार असं वाटू लागलंय. ती गाठ आधी सोडवू.

मी तुमच्या मंडळीतली नाही, ख्रिस्तीही नाही. तुमच्या श्रद्धेबद्दल मी तुम्हाला शिकवावं असं काही नाही. पण या विषयाचा इतिहास मी बराच वाचलाय आणि त्यातलं काही तुमच्या कामाचं आहे.

हे वक्ते सांगतात तेच मूळचं, जुनं ख्रिस्ती शिक्षण आहे आणि आपणच लॅबमध्ये जाऊन वाट सोडली, असं तुम्ही गृहीत धरलंय. ते तितकं सरळ नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टिनने बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकावर मोठं भाष्य लिहिलं. निर्मितीचे ते सहा दिवस आपल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या दिवसांसारखे नसावेत, असं त्याने त्यात मांडलं. (जग फार जुनं आहे असं मात्र तो म्हणत नव्हता, हेही सांगायला हवं.) निसर्गाबद्दल ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलू नये, ऐकणाऱ्याचा मग पवित्र शास्त्रावरचाच विश्वास उडतो, असा इशाराही त्याने दिला होता. डार्विनची बाजू अमेरिकेत आधी लावून धरणाऱ्यांत हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे होते आणि ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. 1925 साली टेनेसीत डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून गाजलेला खटला झाला. तिथे बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा साक्षीत मान्य केलं की ते सहा दिवस चोवीस तासांचेच असतील असं नाही.

मग ‘सहा हजार वर्षं, आणि सगळे खडक नोहाच्या जलप्रलयातले’ ही मांडणी चर्चचर्चमधून पसरली कधी? 1961 नंतर. त्या साली जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्राचे अभ्यासक आणि हेन्री मॉरिस हे जलविज्ञानाचे अभियंते, या दोघांनी मिळून जलप्रलयावर पुस्तक लिहिलं. म्हणजे अमेरिकन चर्चमध्ये ही चळवळ साठेक वर्षांची आहे. तुमच्या पणजोबांची श्रद्धा त्याआधीची आहे, ताई.

तुमच्याकडे येणारे पाहुणे कोण, हे तुम्ही लिहिलं नाही आणि मी विचारणारही नाही. पण ही माणसं कशी फिरतात, काय सोसतात, कशासाठी करतात, हे कळायला यातलं सगळ्यात ठळक उदाहरण तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. केन हॅम 1951 साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या केर्न्सला जन्मले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे. 1979 साली नोकरी सोडली आणि बायकोच्या साथीने हे काम सुरू केलं. 1987 साली मुलाबाळांसह अमेरिकेत आले आणि हेन्री मॉरिस यांच्याच संस्थेतर्फे चर्चचर्चमधून भाषणं देत फिरले. 1994 साली केंटकीत स्वतःची संस्था काढली, आन्सर्स इन जेनेसिस. 28 मे 2007 रोजी पीटर्सबर्गला त्यांचं निर्मिती संग्रहालय उघडलं. त्यात डायनोसॉर आणि माणसाची मुलं शेजारीशेजारी दाखवली आहेत. 7 जुलै 2016 रोजी विल्यम्सटाउनला नोहाचं तारू उभं राहिलं. पवित्र शास्त्रात सांगितलेली तीनशे हात लांबी त्यांनी 510 फूट धरली आणि तेवढं लाकडी तारू बांधून काढलं.

जागा केंटकीचीच का? अमेरिकेतली जवळपास दोन तृतीयांश माणसं मोटारीने एका दिवसात तिथे पोचू शकतात, असं संस्थाच सांगते. जन्मभर गावोगाव हिंडलेल्या माणसाने शेवटी असं ठिकाण उभारलं की लोकच त्याच्याकडे हिंडत येतील. एवढी चिकाटी बघून कुणालाही आदरच वाटेल, मलाही वाटतो. वीकेंडमागून वीकेंड परक्यांच्या घरी जेवणारा, शुक्रवारी उतरून रविवारी रात्री निघणारा माणूस बहुधा ढोंगी नसतो. तो जे सांगतो त्यावर त्याचा मनापासून विश्वास असतो. पाहुण्यांना जेवायला बोलवा, हे मी म्हणूनच आधी सांगते.

आता तुमच्या लॅबबद्दल. ‘रेझिस्टन्स बघणारी मी’ असं तुम्ही लिहिलंत, त्यात पाहुणे रेझिस्टन्स नाकारतात असं तुम्ही धरून चाललात. ते नाकारत नाहीत. हे लोक तगणारे जीव पुढे वाढतात ही नैसर्गिक निवड मानतात, जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात हेही मानतात. त्यांचं म्हणणं, बदल होतात ते पवित्र शास्त्रात म्हटल्याप्रमाणे ‘आपापल्या जातीप्रमाणे’, त्या जातीच्या कुंपणाच्या आत. लांडगा, कोल्हा, कुत्रा ही सगळी तारवातल्या एका जोडीची संतती. तारवात प्राण्यांच्या सुमारे 1,400 ‘जाती’ होत्या असा या संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे आजची हजारो प्रकारची जनावरं साडेचार हजार वर्षांच्या आत त्यांच्यापासून झाली असं मानावं लागतं, आणि इतकी वेगवान उत्क्रांती कुठलाही जीवशास्त्रज्ञ मानणार नाही. शुक्रवारी ताटावर हे काढायचं नाही, तुमच्या माहितीसाठी सांगितलं. समोरचा जे म्हणतच नाही ते खोडायला गेलात, तर पहिल्या वाक्यातच तुमचं म्हणणं बाजूला पडेल.

2014 च्या 4 फेब्रुवारीला हॅम यांची त्याच संग्रहालयात टीव्हीवर विज्ञान समजावून सांगणाऱ्या बिल नाय यांच्याशी जाहीर चर्चा झाली. शेवटी दोघांना प्रश्न आला, कशाने तुमचं मत बदलेल? नाय म्हणाले, पुराव्याने. हॅम म्हणाले, मी ख्रिस्ती आहे, देवाचं वचन खरं नाही हे मला कुणीच पटवून देऊ शकणार नाही. ते प्रामाणिक उत्तर होतं. पण ते ऐकल्यावर मला वाटलं, खडकांवर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण वाद खडकांचा नव्हताच. दोन रात्रींत पाहुण्यांचं मत बदलण्याची जबाबदारी तुम्ही मनातून काढून टाका.

दुसरीकडे, हॅम यांची संस्था स्वतःच म्हणते की पृथ्वीचं वय हा तारणाचा, म्हणजे मुक्तीचा, प्रश्न नाही. लाखो वर्षं मानणारा माणूसही ख्रिस्ती असू शकतो. त्यांची तक्रार पवित्र शास्त्राच्या अधिकाराबद्दल आहे. ‘प्रभूला नाही’ ही भीती मनात आली की हे आठवा. आणि तुम्ही लहानपणापासून म्हणत आलेला प्रेषितांचा विश्वासांगीकार आठवा. देव निर्माणकर्ता आहे हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. किती दिवसांत, किती वर्षांपूर्वी, हे त्यात कुठेच नाही.

आता त्या प्रश्नाकडे येते. मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘तुम्ही तिथे होता का?’ हा प्रश्न मुलांच्या तोंडी फार चटकन बसतो. तीन-चार शब्द, आणि समोरचा मोठा माणूस गप्प. त्यापुढचं उत्तरही शिकवलेलं असतं: आपण नव्हतो, पण देव होता आणि त्याने लिहून ठेवलंय. प्रश्नाला आधार बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा दिला जातो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, असं देव तिथे विचारतो. पण ताई, तो अध्याय तुम्ही मुलाला घेऊन पुन्हा वाचा. तिथे विचारणारा देव आहे आणि ज्याला विचारलं तो माणूस आहे. सगळं हिरावलेला, दुखावलेला, देवाशी भांडणारा माणूस. एका माणसाने दुसऱ्याला गप्प बसवायला तो प्रश्न टाकलेला नाही. बाई तिथे नव्हत्या, पाहुणेही नव्हते. वर्गात हा प्रश्न बाईंवर फेकायचा असेल, तर आधी तो आपल्यालाही लागू होतो हे मुलाला कळायला हवं. त्याला हे सांगायला तुमच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही, कारण ईयोब तुमचा आहे.

आणि तुमचं काम काय आहे? सकाळी तुम्ही इनक्युबेटरमधून प्लेट काढता. जिवाणूंचा दाट थर पसरलेला, वर औषधाच्या टिकल्या, काही टिकल्यांभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ, काहींभोवती काहीच नाही. तुम्ही पट्टीने ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजता आणि डॉक्टरला सांगता, हे औषध चालेल, हे नाही. रात्रभर प्लेटपाशी कुणी बसलं नव्हतं. एकही जिवाणू मरताना तुम्ही पाहिला नाही. तरी त्या खुणेवरून तुम्ही सांगता आणि पेशंट त्यावर बरा होतो. मुलाला एकदा अशी प्लेट दाखवा. लॅबमधून आणता येणार नाही, फोटो चालेल. आणि विचारा, ‘मी तिथे नव्हते, मग मला कसं कळलं?’ उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला वेळ लागू दे.

इतर वाचकांसाठीही हे लिहिते. हा प्रश्न एकाच धर्माच्या लोकांनी विचारलेला नाही. जानेवारी 2018 मध्ये आपल्याच औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) एका वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहिलं-सांगितलेलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी तेव्हा निवेदन काढून उत्क्रांतीची बाजू मांडली. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा मला पुण्या-नाशिकहून पालकांची पत्रं आली. त्यांचा प्रश्न तुमच्यासारखाच होता: घरात देव आहे, मुलाला काय सांगू? त्यांनाही मी हेच लिहिलं होतं. न पाहिलेल्या गोष्टी आपल्याला कशा कळतात, एवढं मूल शिकलं तर देवाचं काही बिघडत नाही.

आता करायचं काय.

पाळकसाहेबांना एकट्याला भेटा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहू नका; चार माणसांसमोर बाजू घ्यावी लागली की माणूस मागे सरत नाही. आधी सांगा काय कराल: शुक्रवारचं जेवण आमच्याकडे, शनिवारी मुलांचा नाश्ता, खेळ, गीतं मी बघेन. मग सांगा काय करणार नाही: ‘पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे हे मला खरं वाटत नाही, म्हणून ते मुलांना खरं म्हणून मी शिकवू शकत नाही.’ हे एवढंच वाक्य पुरे. वाद, पुरावे, कार्बन डेटिंग काही नको. तुम्हाला पटत नाही म्हणून शिकवता येत नाही, हा खरेपणा कुठल्याही पाळकाला समजतो. आणखी एक मागणं ठेवा: शनिवारी काय शिकवणार हे सगळ्या पालकांना आधी कळवावं. तुमच्यासारख्या आणखी दोन आया त्या मंडळीत गप्प बसलेल्या असतील, असं मला फार वाटतं.

नवऱ्याशी हे आधी बोला. ते म्हणतात गप्प बस, त्यामागे भित्रेपणा आहे असं मला वाटत नाही. परक्या देशात मिळालेलं एकमेव घर मोडू नये, ही काळजी आहे. ‘मंडळी सोडायची नाही, फक्त हा वर्ग घ्यायचा नाही’ असं नेमकं सांगितलंत तर बहुतेक ते तुमच्या बाजूने उभे राहतील.

सासूबाईंशी फोनवर वाद घालू नका. त्यांना विचारा, लहानपणी नोहाची गोष्ट कुणी सांगितली होती, कशी सांगितली होती. मुलाला ती त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

मुलाला शनिवारी पाठवायचं का? माझं मत, पाठवा, आणि तुम्ही मागे बसा. एका सकाळीने मूल बिघडत नाही. घरात ज्यावर बोलायला बंदी असते ते मात्र त्याला खुणावत राहतं. येताना गाडीत विचारा, काय आवडलं, काय पटलं नाही. पाहुण्यांना कोंडीत पकडण्यासाठी त्याला तयार करून पाठवू नका, आणि बाईंना कोंडीत पकडण्यासाठी कुणी तयार केलं तर तेही थांबवा. दोन्हीकडे मुलाचा हत्यारासारखा वापर होतो. शाळेची फार चिंता नको. निर्मितीविज्ञान, म्हणजे निर्मितीची गोष्ट विज्ञान म्हणून, सरकारी शाळेत शिकवायला लावणारा लुइझियानाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच रद्द केला. शाळेचा दरवाजा बंद झाला तेव्हापासून या सेवाकार्याचा सगळा भर चर्चवर आणि घरांवर आहे. शनिवारचा वर्ग मुलांसाठी का असतो, ते यावरून कळेल.

आणि समजा नकार दिल्यावर तुमचं संडे स्कूल काढून घेतलं, किंवा वेदीवरून तुमचं नाव न घेता तुमच्यावर बोललं गेलं. तर मग मात्र दुसरी मंडळी शोधा. तुमच्या भागात चर्चेस पुष्कळ आहेत आणि त्यातली बरीच सहा हजार वर्षांवर अडून बसत नाहीत. तशी वेळ येईल असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.

शेवटचं राहिलं त्या शिंपल्याचं. तुम्ही राहता तो भाग जीवाश्मांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. शॅरनव्हिलला ट्रॅमल फॉसिल पार्क आहे, तिथे मुलांना स्वतः जीवाश्म वेचून घरी नेता येतात. आणि ज्या बून काउंटीत ते निर्मिती संग्रहालय आहे, त्याच काउंटीत बिग बोन लिक हे हिमयुगातल्या जनावरांच्या हाडांचं ठिकाण आहे. तिथली प्रचंड हाडं आणायला अध्यक्ष जेफरसन यांनी 1807 साली विल्यम क्लार्कना पाठवलं होतं. पाहुणे येण्याआधीच्या एखाद्या रविवारी उपासनेनंतर जा. सुट्टीत नगरला आलात की माळशेज घाटातून उतरा. लाव्हाचे काळे थर पायऱ्यांसारखे एकावर एक बसलेले त्याला दिसतील. सह्याद्रीत अशा दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे तांबडा पट्टा असतो. एक लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार झाली, मग पुढचा आला.

आणि तो शिंपला खिशातून काढून जुन्या टूथब्रशने, पाण्याखाली हळू घासा. मधोमध एक रेघ कल्पून बघा. डावी बाजू उजवीसारखीच दिसत असेल, तर तो आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारखा शिंपला नाही, ब्रॅकिओपॉड नावाचा दोन कवचांचा वेगळाच समुद्री प्राणी आहे. मग भिंग घेऊन पाठ नीट बघा. त्यावर बारीक छिद्रांची जाळी चिकटलेली सापडली तर ती ब्रायोझोआ या इवल्या समुद्री जिवांची वसाहत. तो प्राणी मेला असेल वा जिवंत असेल, त्याच्या कवचावर दुसऱ्या जिवांनी सावकाश घर केलं, वाढवलं, आणि मग केव्हातरी त्यावर चिखल बसला. जाळी सापडली तर मुलाला विचारा, एवढं व्हायला किती दिवस लागले असतील. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.